ॲप कशाला? वेळेवर मेसेज पाठवा

ज्यांच्या घरातलं आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, अशा मुलांसाठी कॉलेजने स्वतःचं ॲप काढावं, अशी एक सूचना आहे. मला नाही पटत. आधीच मेमरी फुल्ल असलेल्या फोनवर ते टिकणार किती दिवस?

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये साध्या टेक्स्ट मेसेजवर चालणारा 'पाउन्स' हा चॅटबॉट, म्हणजे प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम आणला. प्रवेश पक्का करूनही मुलं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत गळायची, आर्थिक मदतीच्या फॉर्मात नाहीतर कुठल्याशा दाखल्यात अडकून. पाउन्स आठवण करायचा, मध्यरात्रीही उत्तर द्यायचा. ही गळती सुमारे एक पंचमांशाने घटली.

आपल्याकडे घोडं अडतं महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर. अर्जात त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याकडे परत येतो, पण पोर्टल रोज उघडून बघतं कोण? त्यात आधारला नंबर वडिलांचा, वडील ऊसतोडीला. मुलगी नेट कॅफेतून "पप्पा, आलेले आकडे सांगा" म्हणते, तोवर ओटीपीची वेळ संपते. (आणि ओटीपी कुणाला सांगू नका, हे शिकवणारे पण आपणच!)

"सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की..." हे कुणी वाचत नाही. "तुझा अर्ज परत आलाय, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, गुरुवारपर्यंत नवा अपलोड कर" हे वाचतात. खाली शिष्यवृत्तीच्या क्लार्कचा नंबर, फोन उचलणाऱ्या. आणि हे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या घरचं उत्पन्न किती, हे चारचौघांत कशाला?