रायफलची फ्रंट साईट काढायला घरीच टूल करायचंय, कुणी केलंय काय?

वडगावचा_नेमबाज
नमस्कार मंडळी. रायफलची फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, काढायचीय, जाम बसलीय, हलतच नाही. सी-क्लॅम्प लावून बघितलो, खरं बोल्ट आवळला की साईट सरकायच्या ऐवजी क्लॅम्पच वर चढतोय आणि निसटतोय. हातोडीनं हाणायचं नाहीय. उद्यमबागेत एका वर्कशॉपात विचारलो तर ठेवून जा, सवडीनं बघू म्हणाले, मला रविवारच्या आत पाहिजे. विकत मिळतात ते साईट ढकलायचे पुशर पिस्तुलाच्या मापाचे आणि महाग. घरी व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल आहे, वेल्डिंग गल्लीतच होतंय. डिझाइन कुणाकडं असलं तर लवकर सांगा प्लीज.

लेथवाले_काका
कसली रायफल? साईट कशानं बसवलीय, डव्हटेलमध्ये (तिरक्या कडांच्या खाचेत) सरकवलीय, पिन मारलीय, का स्क्रूनं आवळलीय? हे सांगितल्याशिवाय डिझाइन कसलं सांगणार बाळा.

निपाणीचा_माजी_सैनिक
त्याच्याही आधी एक सांगा. लायसन्सवरची आहे का एअरची? लायसन्सवरची असेल तर घरी हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ वाचा, बंदुकीत फेरफार आणि दुरुस्ती करायच्या धंद्यालासुद्धा वेगळं लायसन्स लागतं. गन डीलरकडे न्या. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे बंदूक घेऊन गेलात तर त्यालाही अडचणीत आणाल.

वडगावचा_नेमबाज
एअर रायफल हो दादा, स्प्रिंगची, नळी मोडून लोड करायची, .१७७. लायसन्सचा प्रश्न नाही. काका, आडव्या खाचेत बसवलीय, डव्हटेलच असणार. टूल सांगा की आता.

निपाणीचा_माजी_सैनिक
मग ठीक. .१७७ म्हणजे ४.५ मिमी, आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. तरी सांगतो, काम करताना रायफल कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग ताणून ठेवलेली, नको आणि नळीत छर्रा नको. नळी मोडून उजेडाकडं धरून आरपार बघा, मगच व्हाइसकडं जा. कॉक झालेली नळी फटकन मिटली तर बोटं जातात.

खानापूर_शेतकरी
आमच्याकडं ऊस आणि भातात रानडुकरं घुसून निम्मं पीक नासवालीत. असल्या एअर रायफलनं पळतात काय? साईट काढायच्या नादात असलासा तर स्कोपच बसवा की, लांबनं दिसतंय.

चंदगडी
खानापूरवाले भाऊ, ४.५ मिमीच्या छऱ्यानं रानडुकराला काही होत नाही, जखमी होऊन उलटा अंगावर येईल. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वन खात्याकडं नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत ऊस तसाच ठेवा, फोटो काढून ठेवा. आमच्याकडं हत्ती येतात, आम्ही हेच करतो.

लेथवाले_काका
अरे इथं साईटचं बोला की.
वडगाववाल्या, साईटच्या वरनं किंवा मागनं बारीक भोक दिसतंय काय? कित्येक साईटमध्ये डव्हटेल असूनसुद्धा आत एक छोटा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असतो, त्याच्यावर काळा रंग आणि मळ बसला की दिसत नाही. तो सैल केल्याशिवाय प्रेस लावलास तरी साईट हलणार नाही, हलली तर खाच चिरून हलेल. टाचणीनं खरवडून बघ.

वडगावचा_नेमबाज
बघितलो काका, भोक नाही, पिनपण नाही. साईट लोखंडाची आहे, खाचेच्या कडेला तांबूस गंज दिसतोय.

गडहिंग्लज_ऑटो
एवढं काय अवघड आहे. पितळी ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) घे, अर्धा किलोची हातोडी, दोन टोले. रॉकेल आणि इंजिन ऑइल सोडून रातभर ठेव, सकाळी टोला. आम्ही गॅरेजात बुश असेच काढतो. टूलबिलची गरजच नाही.

लेथवाले_काका
बुश आणि हे सारखं नाही. नळी मोडायची रायफल आहे ती. नळी मागं एका पिव्होट बोल्टवर, बिजागरीसारखी टांगलेली असते आणि साईट असते पार पुढच्या टोकाला. तिथं आडवा टोला हाणलास की तो सगळा धक्का लांब दांड्यासारखा मागं पिव्होटवर जातो. पिव्होट सैल झाला की नळी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी मिटणार, मग साईट कितीही चांगली लाव, छर्रा एका जागी पडायचा नाही. पोरगं हातोडी नको म्हणतंय ते बरोबरच म्हणतंय.

गडहिंग्लज_ऑटो
मग नळी टोकाला व्हाइसमध्ये लाकडात धरा आणि टोला हाणा. धक्का मागं जाणारच नाही.

लेथवाले_काका
धरलास तर कमी जाईल, मान्य. खरं गोल नळी लाकडात फिरते. स्क्रूनं दाबलं तर किती दाबतोय ते हाताला कळतं, टोल्यानं कळत नाही.

आता टूलचं ऐक. तुझा क्लॅम्प वर का चढतोय, तर डव्हटेलच्या कडा तिरक्या असतात, बहुतेक ६० अंशाच्या. तू सपाट बोल्टानं साईटच्या अंगावर, म्हणजे खाचेच्या वर दाबतोयस. मग साईट सरकायच्या ऐवजी कलंडायला बघते, खालची एक कड खाचेत रुतते आणि आणखी घट्ट होते. दाब खाली पाहिजे, साईटच्या पायथ्याला, नळीला जवळजवळ घासून.

दुसरं, नळी आणि दाबणारा बोल्ट एकाच तुकड्यात पाहिजेत. १२ मिमीची एमएसची (साध्या लोखंडाची) पट्टी घे, इंग्रजी यू सारखी चौकट वेल्ड करून घे, मध्ये नळी बसेल एवढी जागा. यूच्या तळाला व्ही खाच काप, त्यात चप्पलवाल्याकडनं आणलेलं जाड चामडं चिकटव, नळी त्यात बसेल. नळीवरनं साईटच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन पट्टीचे तुकडे बोल्टानं आवळून नळी खाली दाबून धर, म्हणजे ती फिरायची नाही आणि उठायचीही नाही. यूच्या एका उभ्या भिंतीत भोक पाडून टॅप मारून आटे पाड, त्यातनं दाबायचा बोल्ट. समोरच्या भिंतीत साईट बाहेर यायला खिडकी काप. असं केलं की बोल्टाचा दाब आणि नळीचा आधार दोन्ही तिथल्या तिथंच, पिव्होटपर्यंत काही पोचतच नाही.

बोल्टाच्या टोकाला पितळेचा तुकडा ठेव, वेगळा, न फिरणारा. टोक फिरत राहिलं तर साईट एका बाजूला ओढतं, तुझा क्लॅम्प निसटायचं तेही एक कारण. पितळेचं तोंड कानशीनं घासून साईटच्या कडेच्या उताराला जुळव.

वडगावचा_नेमबाज
आता कळलं काका! बोल्ट कितीचा घेऊ? एम८ चालंल काय?

लेथवाले_काका
एम१० घे. फाइन आट्याचा मिळाला तर बेस्ट, १ मिमी पिचचा, भोक ९ चं पाड. साधा १.५ पिचचा असला तर भोक ८.५. फाइनला एका फेऱ्यात साईट १ मिमीच सरकते आणि त्याच हाताच्या जोरात दाब जास्त येतो. आट्याला ग्रीस लाव.

निपाणीचा_माजी_सैनिक
कुठल्या बाजूनं काढायची तेही सांगा त्यांना. बट खांद्याला लावून बघितलं तर डावीकडनं उजवीकडं काढायची, बसवताना उजवीकडनं डावीकडं. आम्हाला हेच शिकवलंय.

लेथवाले_काका
पुष्कळांची तीच रीत आहे, खरं सगळे कारखाने पाळतात असं नाही. व्हर्नियर लावून खाचेची रुंदी दोन्ही टोकांना मोज. जी बाजू तसूभर रुंद, तिकडनं काढ. दोन्ही सारखी भरली तर फौजी म्हणतात तसं कर. आणि साईटच्या आणि नळीच्या जोडावर सुईनं एक बारीक रेघ ओढून ठेव, परत तिथंच बसवायची झाली तर उपयोगी पडते.

गडहिंग्लज_ऑटो
गंजलेलं आहे म्हणालाय ना, मग थोडी गॅसची आंच द्या, लगेच सुटतंय.

लेथवाले_काका
नळीला आंच नको!! वरचं ब्लूइंग, म्हणजे निळा-काळा थर, जातं, रंग परत येत नाही. फारच झालं तर सोल्डरिंगची इस्त्री फक्त साईटवर टेकव, पाचेक मिनिटं. तेल आधी रातभर मुरू दे, आणि एवढं तेल नको की नळीतनं मागं जाऊन स्प्रिंगच्या चेंबरमध्ये उतरेल. तिथं तेल गेलं तर हवा दाबली की ते पेटतं, धूर निघतो, सील जातं. तोंड खाली करून ठेव.

चंदगडी
पण साईट काढतोयस कशाला ते अजून सांगितलं नाहीस. नुसतं डावं-उजवं करायचं असलं तर अख्खी काढायची गरज नाही. छर्रे उजवीकडं पडत असतील तर फ्रंट साईट उजवीकडंच सरकवायची, मागची उलट्या बाजूला.

वडगावचा_नेमबाज
नाही दादा, टनेल लावायचाय, म्हणजे आत गोल रिंग घालायची नळकांड्यासारखी साईट. क्लबात १० मीटरला खेळतोय, उभ्या पट्टीनं काळा गोळा नीट मधे धरता येत नाही. रविवारी क्लबात आमच्यातल्या आमच्यात मॅच आहे.

खानापूर_शेतकरी
मस्त! आमच्या शेजारचे स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्य आणलं. तेजस्विनी सावंत पण कोल्हापूरच्याच. आपल्या बेळगावातनं पण कुणीतरी जायला पाहिजे बघा.

निपाणीचा_माजी_सैनिक
बरोबर, पण ते ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), .२२ च्या रायफलीनं. एअरचं १० मीटरचं ऑलिम्पिक सोनं २००८ ला अभिनव बिंद्रानं आणलं. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणून सांगतो, टनेल बसला की घाई करू नका, आधी कागदावर गट बघा, म्हणजे छर्रे किती जवळजवळ पडतात ते.

लेथवाले_काका
टनेल घ्यायच्या आधी खाचेचं माप घे, खालची रुंदी आणि खोली दोन्ही. टनेल बऱ्याचदा ११ मिमीच्या रेलवर बसायचे असतात, तुझ्या आडव्या खाचेत ते बसणार नाहीत. मध्ये एक अडॅप्टर करावा लागेल. माप टाक इथं, मी सांगतो काय कापायचं.

वडगावचा_नेमबाज
आज पट्टी आणतो, संध्याकाळी वेल्ड करून घेतो. व्हर्नियर शेजारच्या मामांकडं आहे, माप रात्री टाकतो. काका, व्ही खाच किती अंशाची?

लेथवाले_काका
९० ची काप. अँगलचा तुकडा कोपरा खाली, तोंड वर करून वेल्ड केलास तरी चालेल, कापायचं वाचेल.

गडहिंग्लज_ऑटो
मी अजून म्हणतो, दोन टोले.