अनुभव धागा : आयोवाचा सलग तिसरा बिग टेन करंडक, अकरा गुणांची पिछाडी कशी भरून निघाली?

१० मार्च २०२४, मिनियापोलिसचं टार्गेट सेंटर. अमेरिकन कॉलेजांच्या बिग टेन लीगच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. आयोवा ९४, नेब्रास्का ८९, जादा वेळेत. मध्यंतराला आयोवा ३५–४६ अशी मागे होती. २०२२, २०२३ आणि आता २०२४, असा सलग तिसरा बिग टेन स्पर्धेचा करंडक.

इथे खेळलेले, शिकवणारे, शिट्टी वाजवणारे, स्कोअरशीट लिहिणारे बरेच जण आहेत. सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. आयोवाची केटलिन क्लार्क थोर खेळाडू आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यापुढचं लिहा. नेमकं काय बदललं, का बदललं, आणि सामना पुन्हा बघताना नजर कुठे ठेवायची?

स्कोअरशीटवाला

सुरुवात आकड्यांनी करतो. क्लार्कचे ३४ गुण, १२ असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच गुण करते असे पास), ७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं). त्या ३४ पैकी ३० गुण मध्यंतरानंतरचे. पहिल्या हाफमध्ये थ्री पॉइंटरचे, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे, नऊ प्रयत्न, नऊही हुकले. शेवटी १७ पैकी ५. म्हणजे मध्यंतरानंतर ८ पैकी ५.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि "हात बसला" म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. २९ शॉटपैकी १२ आत, म्हणजे साधी टक्केवारी ४१. पण थ्रीला दीडपट किंमत असते. ती धरायची तर सूत्र असं : आत गेलेले सगळे शॉट, अधिक त्यातल्या थ्रीजचा निम्मा आकडा, भागिले एकूण प्रयत्न. १२ अधिक २.५ भागिले २९, बरोबर ५० टक्के. पहिला हाफ इतका कोरडा जाऊनही पन्नास! हे सूत्र मुलींच्या शालेय सामन्यालाही लावून बघा. जी मुलगी "फार फेकते" असं आपण म्हणतो, ती अनेकदा संघाला उपयोगीच पडत असते.

दुसरी बेरीज असिस्टची. १२ असिस्ट म्हणजे कमीत कमी २४ गुण. ३४ आणि २४ मिळून ५८. संघाच्या ९४ पैकी किमान ५८ गुण एका खेळाडूच्या हातून गेले. तिला रोखायला दोन जणी धावल्या की उरलेल्या चौघींसमोर तिघीच उरतात. आयोवाच्याच हन्ना स्ट्युल्कीचे २५ गुण समजून घ्यायचे तर इथून सुरुवात करावी लागते.

पिक_अँड_रोल

वरचा धागा पकडून पुढे लिहिते, कारण माझ्या मते सामना इथेच फिरला.

पिक अँड रोल म्हणजे एकीने बचावपटूच्या वाटेत उभं राहायचं (ही स्क्रीन) आणि मग वळून रिंगकडे पळायचं. तो वाचायचा तर बॉलकडे पाहू नका. स्क्रीन लावणारीच्या पायांकडे पाहा. स्ट्युल्की ६ फूट २ इंच, आणि तिच्या उंचीच्या मानाने फार वेगवान. ती वर येते, क्लार्कवर पहारा देणारीच्या वाटेत उभी राहते. आता बचावाकडे तीन मार्ग. पहिला, त्यांची सेंटर (रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू) मागे रिंगजवळच थांबते : मग क्लार्कला मोकळा थ्री. दुसरा, सेंटर क्लार्कवर पुढे झेपावते : मग स्ट्युल्की वळून रिंगकडे पळते आणि मागे कुणी नसतं. तिसरा, दोघी बचावपटू माणसं बदलतात : मग क्लार्कसमोर उंच पण हळू खेळाडू आणि स्ट्युल्कीसमोर बुटकी गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारी). तिन्हींत काहीतरी द्यावंच लागतं. थ्री जात नसतात तेव्हा बचाव पहिला मार्ग आनंदाने घेतो. ते जाऊ लागले की पुढे यावं लागतं, आणि रिंगखालची जागा रिकामी होते. क्लार्कचे थ्री आणि स्ट्युल्कीचे लेअप (रिंगजवळून टाकलेले शॉट) वेगळे मोजू नका, एकाच दोरीची ती दोन टोकं आहेत. याच स्ट्युल्कीने ८ फेब्रुवारीला पेन स्टेटविरुद्ध एका सामन्यात ४७ गुण केले होते. नेब्रास्काला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणणार?

शिकवणाऱ्यांसाठी, चुका कुठे होतात ते सांगते. स्क्रीन लावणारी थांबायच्या आधीच गार्ड निघते, मग हलती स्क्रीन म्हणून फाउल मिळतो. गार्ड स्क्रीनपासून दोन हात लांबून जाते, मग बचावपटू त्या फटीतून सहज सुटते. खांद्याला खांदा घासून जायला हवं. तिसरी चूक वळताना : बॉलकडे पाठ करून वळलं की पास दिसत नाही. आतल्या पायावर फिरायचं, छाती बॉलकडे, पुढचा हात उंच. चौथी चूक पासची. चेंडू छातीच्या उंचीवर गेला तर बचावपटूचा हात लागतो. एकतर टप्पा टाकून द्यायचा, नाहीतर डोक्यावरून रिंगच्या बाजूला. हे आधी चालत, मग अर्ध्या वेगाने, मग दोघींविरुद्ध दोघी असं करून घ्या. पाचविरुद्ध पाच एकदम सुरू केलं की सगळं विस्कटतं.

आणि एक कळकळीने. क्लार्कचे मध्यरेषेजवळचे शॉट पाहून बारा वर्षांच्या मुली तिथूनच फेकायला लागल्या आहेत. ताकद पुरत नाही म्हणून चेंडू कंबरेवरून ढकलतात आणि ती मोडणी पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. आधी रिंगपासून एक मीटर, एका हाताने. दहापैकी आठ जाऊ लागले की एक पाऊल मागे. चेंडूही बघून घ्या : महिलांचा सहा नंबर, घेर २८.५ इंच. लहान मुलींना पाच नंबर. शाळेत पुष्कळदा सगळ्यांच्या हातात सात नंबरच दिलेला असतो, आणि दोष मात्र मुलींच्या मनगटाला.

नेब्रास्काची_बाजू

हरलेल्या संघाबद्दलही लिहायला हवं. जाझ शेलीचे ३० गुण, अलेक्सिस मार्कोव्स्कीचे २३. महिनाभर आधी, ११ फेब्रुवारीला लिंकनमध्ये नेब्रास्काने याच आयोवाला ८२–७९ हरवलं होतं आणि त्या दिवशी चौथ्या क्वार्टरमध्ये क्लार्कला एकही गुण करू दिला नव्हता. हा संघ चुकून अंतिम फेरीत आलेला नव्हता.

मार्कोव्स्कीकडे खास लक्ष द्या. सेंटर असूनही ती बाहेर येऊन थ्री मारते. त्यामुळे समोरच्या सेंटरला रिंग सोडून बाहेर यावं लागतं, आणि शेलीला आत घुसायला वाट मिळते. पहिल्या हाफमधल्या ४६ गुणांमागे ही रचना होती.

मग दुसऱ्या हाफमध्ये ३१ वर का आले? माझं मत : पाय. ते कसे थकले ते पुढच्या कुणीतरी वेळापत्रकावरून मांडावं.

ड्रॉ_वाचणारा

मांडतो, ताई. २०२४ ला बिग टेनमध्ये १४ संघ होते. बुधवारी २ सामने, गुरुवारी ४, शुक्रवारी ४, शनिवारी २, रविवारी १, एकूण १३. पहिले चार मानांकित थेट शुक्रवारी उतरतात, पाच ते दहा क्रमांकाचे गुरुवारी, उरलेले बुधवारी.

आयोवाला दुसरं मानांकन. पेन स्टेटला ९५–६२, मिशिगनला ९५–६८, मग अंतिम सामना. तीन दिवसांत तीन, आणि पहिले दोन एकतर्फी. नेब्रास्काला पाचवं मानांकन, म्हणजे चार दिवसांत चार, आणि चौथ्यात वर पाच मिनिटं जादा. थकव्याची खूण पळण्यात उशिरा दिसते. आधी ती शॉटच्या चापात दिसते : चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली येऊ लागतो. रेकॉर्डिंग बघताना कुणाचे शॉट "आखूड" पडतात आणि कोणत्या क्वार्टरमध्ये, एवढंच कागदावर टिपत जा.

आयोवाचंही सगळं सुरळीत नव्हतं. मॉली डेव्हिस ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध जखमी झाली होती, तिच्या जागी सिडनी ॲफोल्टरला सुरुवातीपासून उतरवलं. ॲफोल्टरमुळे गार्डच्या जागी एक चांगली रिबाउंड घेणारी आली. आयोवाच्या तेव्हाच्या प्रशिक्षक लिसा ब्लुडर यांनी ऐन मोसमाच्या शेवटी ही घडी बसवली, त्याचं श्रेय मला कमी दिलं गेलेलं वाटतं.

आता लीग १८ संघांची झाली आहे आणि स्पर्धेत १५ च घेतात. पहिल्या चारात येण्याची किंमत त्यामुळे आणखी वाढली. २०२५ च्या अंतिम सामन्यात इंडियानापोलिसला यूसीएलएने यूएससीला ७२–६७ हरवलं. त्याआधी मोसमात यूसीएलए दोनदा यूएससीकडूनच हरलं होतं. दोघेही वरचे मानांकित, दोघांचे सामने सारखेच, त्यामुळे तिथे थकव्याचा मुद्दा लावता येत नाही.

शिट्टी

महाराष्ट्रात फिबाचे (जागतिक बास्केटबॉल संघटनेचे) नियम पाळतात, त्यामुळे अमेरिकन कॉलेजचा सामना बघताना गोंधळ होतो. थोडक्यात :

क्वार्टर कॉलेजमध्येही दहा मिनिटांचाच. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, तिथे ३० सेकंदांचा, आपल्याकडे २४. चेंडू रिंगला लागून आक्रमक संघाने रिबाउंड घेतला तर कॉलेजमध्ये २० सेकंद मिळतात, फिबात १४. थ्रीची रेषा दोन्हीकडे ६.७५ मीटर. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हे सारखंच. क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो, हेही. चौथ्या क्वार्टरचे फाउल जादा वेळेत पुसले जात नाहीत, आणि या सामन्यासाठी हे महत्त्वाचं होतं. ७७–७७ वर वेळ संपली आणि फाउलचं ओझं तसंच पुढे आलं. जादा वेळेतले पहिले दोन-तीन बचाव म्हणूनच हात मागे ठेवून केलेले दिसतात. आयोवाने ती पाच मिनिटं १७–१२ ने घेतली.

आणखी एक. चेंडू रिंगवर नाचत असताना फिबात कुणीही हात लावू शकतो. कॉलेजमध्ये तो रिंगच्या वरच्या भागात असेपर्यंत लावता येत नाही. आपल्या मुली अमेरिकेत खेळायला गेल्या की पहिल्या महिन्यात ही चूक हमखास होते.

टाइमआउटनंतर चेंडू पुढच्या अर्ध्यात नेण्याची मुभा कॉलेजमध्ये शेवटच्या मिनिटात मिळते, फिबात शेवटच्या दोन मिनिटांत. प्रशिक्षक टाइमआउट का साठवून ठेवतात याचं उत्तर यातच आहे.

१.१_सेकंद

शिट्टीदादा, शेवटच्या क्षणांवरून आठवलं, त्याच शनिवार-रविवारचा दुसरा सामना धाग्यात यायलाच हवा. ९ मार्च, एसईसी या दुसऱ्या कॉलेज लीगची उपांत्य फेरी, साउथ कॅरोलायना टेनेसीविरुद्ध दोन गुणांनी मागे, घड्याळात १.१ सेकंद. ६ फूट ७ इंचांच्या कमिला कार्डोसोने बाहेरून थ्री मारला, बोर्डला लागून आत. ७४–७३. कॉलेज कारकिर्दीतला तिचा पहिलाच थ्री! दुसऱ्या दिवशी एलएसयूला ७९–७२ हरवून करंडकही घेतला.

१.१ सेकंदात काय करता येतं? पकडून, वळून, फेकता येतं. एक ड्रिबल घेतला की वेळ संपते. ०.३ किंवा त्याहून कमी उरलं असेल तर पकडून फेकणं कॉलेजच्या नियमात बसतच नाही, फक्त टॅप चालतो. सरावात घड्याळ लावून हे करून घ्या. मुलींना एक सेकंद वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, आणि घाईने वाया जातो. टेनेसीची चूक माझ्या मते एवढीच की उंच सेंटर बाहेर उभी आहे म्हणून तिला मोकळं सोडलं. एका थ्रीने हरणं शक्य असेल तर तिथे "न मारणारी" खेळाडू कुणीच नसते.

रात्री_साडेनऊ

भारतातून बघणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण दर वर्षी चुकते. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे तासभर पुढे जातात, आणि बऱ्याच लीगचे अंतिम सामने नेमके त्याच रविवारी येतात. २०२४ ला १० मार्च, २०२५ ला ९ मार्च. आयोवाचा सामना न्यूयॉर्कच्या दुपारी बाराला होता. शनिवारपर्यंतच्या हिशेबाने ते भारतात रात्रीचे साडेदहा झाले असते, रविवारी मात्र साडेनऊ. जो साडेदहाला बसला त्याचा पहिला हाफ जवळजवळ गेलाच.

मिनेसोटाकर

टार्गेट सेंटरला पुन्हा अशी स्पर्धा आली तर : विमानतळावरून ब्लू लाइनने वेअरहाउस डिस्ट्रिक्टच्या थांब्यावर उतरा, तिथून चालत काही मिनिटं. मार्चमध्ये गोठवणारा वारा असू शकतो, म्हणून स्कायवे, म्हणजे इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल, वापरा. सुट्टीच्या दिवशी ते सगळीकडे लवकर उघडत नाहीत, वेळ तपासून निघा. २०२४ च्या स्पर्धेची तिकिटं आधीच संपली होती, सगळी सत्रं मिळून १,०९,१६५ प्रेक्षक आले.

तिकीट सामन्याचं नसून सत्राचं असतं, एका सत्रात बहुधा दोन सामने. आपला संघ कोणत्या सत्रात येणार हे आदल्या दिवशीच्या निकालावर ठरतं, त्यामुळे आधी घेतलेलं तिकीट वाया जाऊ शकतं. संघ हरला की त्याचे प्रेक्षक पुढची तिकिटं विकायला काढतात, त्या रात्री भाव उतरतात. बसताना खालच्या रांगांचा मोह टाळा. वरच्या मजल्यावर, रिंगच्या मागे बसलं की वर पिक_अँड_रोल ताईंनी लिहिलेले तिन्ही मार्ग उघड दिसतात. बाजूने पाहताना सगळे एका रेषेत येतात.

स्कोअरशीटवाला

मिनेसोटाकर, पूर्ण सहमत. फक्त रिंगमागून बघणार असाल तर दुसऱ्या हाफमध्ये आयोवा कोणत्या रिंगवर मारणार ते आधी पाहा. संघ पहिला हाफ समोरच्या संघाच्या बाकाजवळच्या रिंगवर मारतात आणि मध्यंतरानंतर बाजू बदलतात. म्हणजे दुसऱ्या हाफचं आक्रमण हवं असेल तर आपल्या संघाच्या बाकाकडची रिंग धरा.