मदत हवी आहे: लेआउटमधला खाजगी रस्ता महापालिकेकडं कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं २२ प्लॉटचं एनए (बिनशेती) लेआउट आहे, मंजूर नकाशात ९ मीटरचा रस्ता दाखवलाय पण सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे, आणि मालक वारलेत. तीन वारस, दोघं सही द्यायला तयार, तिसरे पुण्यात असतात ते फोनच उचलत नाहीत.

रस्ता म्हणजे नुसती काळी माती. पाऊस पडला की चिखल चपलेला असा धरतो की म्हातारी माणसं घराबाहेरच पडत नाहीत, मागच्या आठवड्यात रिक्षा कोपऱ्यावरच थांबली आणि शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून आणावं लागलं.

आतापर्यंत एवढं केलंय: १८ प्लॉटधारकांच्या सह्यांचा अर्ज, मंजूर नकाशा आणि टॅक्स पावत्या जोडून दिला, नगरसेवकांना भेटलो. उत्तर एकच, रस्ता खाजगी आहे, आधी ताबा द्या मग निधीचं बघू. गुंठेवारी (मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) नाही, अतिक्रमण नाही, पाण्याची लाईन आहे, ड्रेनेज नाही.

१९४९ च्या महापालिका अधिनियमात खाजगी रस्ता सार्वजनिक जाहीर करायची तरतूद आहे, आयुक्त मालकांना नोटीस देऊन काम करून घेऊ शकतात आणि नाही केलं तर स्वतः करून खर्च वसूल करू शकतात, एवढं वाचलंय. वर्गणी काढून मुरूम टाकायची तयारी आहे पण काँक्रिटचा खर्च झेपणार नाही.

तर ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, तिसऱ्या वारसाची सही नसताना बहुसंख्य प्लॉटधारकांच्या अर्जावर रस्ता ताब्यात घेतला जातो का, आणि तो अर्ज नगररचनाकडं द्यायचा की झोन ऑफिसला?