अनुभव धागा : सामानातून घरी आलेले ढेकूण

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

गेल्या माघात मावसभावाच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही चौघे परगावी गेलो होतो आणि दोन रात्री एका लॉजवर राहिलो. परत आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी धाकट्या मुलीच्या दंडावर ओळीने तीन गांधी उठल्या. डास समजून आम्ही कॉइल लावली, उष्णता समजून सब्जा पाजला, साबणही बदलून पाहिला. अखेर एका रात्री तीनच्या सुमारास ती रडत उठली म्हणून दिवा लावला, तेव्हा उशीच्या अभ्र्यावरून मसुराच्या दाण्याएवढा, तांबूस, चपटा जीव काहीही घाई नसल्यासारखा शिवणीकडे चालला होता. सकाळी पलंग उभा केला. गादीच्या गोटात काळ्या शाईचे टिंब पडावेत तसे ठिपके होते, आणि मूळ ठिकाण सापडले ते पलंगाखाली सरकवून ठेवलेल्या सुटकेसमध्ये, चाकाजवळच्या अस्तराच्या आत. लग्नाहून आल्यापासून ती सुटकेस तिथेच होती.

पत्नीचे पहिले वाक्य होते, "शेजारी कुणाला सांगू नका." या वाक्यामुळेच मी हा धागा काढत आहे. २०२३ साली पॅरिसमधील ढेकणांच्या बातम्या आल्या तेव्हा आपण हसलो होतो. ऑलिंपिकच्या शहराची ही अवस्था, असे मीही म्हणालो होतो. आपल्याकडे बातमी होत नाही, कारण कुणी सांगतच नाही. ढेकूण तुमच्या घरी कुठून आला, केव्हा लक्षात आले, काय केले आणि काय केलेले वाया गेले, ते कृपया लिहावे. लॉजचे, गाडीचे किंवा वसतिगृहाचे नाव मात्र लिहू नये.

निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

आमच्या लहानपणी ढेकूण ही लपवायची गोष्ट नव्हती. सुंभाच्या बाजा असत आणि दर पंधरवड्याला रविवारी त्या अंगणात आडव्या करून पायांच्या खोबणीत उकळते पाणी ओतले जाई. आई पाणी ओती, आम्ही पोरे काठीने बाज बडवत असू, आणि खाली पडलेले ढेकूण मोजण्याची आमच्यात पैज लागे. शेजारीण भिंतीवरून विचारी, "आज किती निघाले?" १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गावोगाव डीडीटीची फवारणी होऊ लागली होती. माझ्या आठवणीतला फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन येई आणि दारावर तारीख लिहून जाई. फवारणी डासांसाठी होती, तरी पहिल्या वर्षांत ढेकूणही नाहीसे झाले. पुढे त्याच पावडरीत ते खुशाल फिरताना मी स्वतः पाहिले आहेत. ज्यांना ते औषध पचले त्यांचीच प्रजा वाढली, हे शास्त्र पुढे मुलांना शिकवताना मला त्या बाजेच्या खोबणीचीच आठवण येत असे.

धागाकर्त्यांच्या पत्नींना माझा निरोप सांगावा : सून घरात आणताना आम्ही जेवढी चौकशी करतो, तेवढी प्रवासाहून आलेल्या वळकटीची करीत नाही.

कीटकशास्त्राची पदवीधर, परभणी

गुरुजींच्या प्रतिसादात दोन गोष्टींची भर घालते. ढेकणाच्या माणसाला त्रास देणाऱ्या दोन मुख्य जाती आहेत. थंड देशांत सायमेक्स लेक्टुलॅरियस ही जात आढळते, तर आपल्याकडे मुख्यतः सायमेक्स हेमिप्टेरस ही उष्ण प्रदेशातील जात आढळते. दोघांनाही पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी तो स्वतः जात नाही, त्याला आपण नेतो. त्याला घाणीचे आकर्षण नसते. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि शरीराची ऊब यांच्या मागाने तो येतो, पाच-दहा मिनिटांत रक्त पिऊन खाचेत परततो. चावताना जाणवत नाही आणि खाज काही जणांना लगेच, काहींना काही दिवसांनी, तर काहींना कधीच येत नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाच्याच अंगावर गांधी उठतात आणि दुसरा "तुला भास होतो" म्हणत राहतो, हे मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिले आहे. म्हणून अंगावरच्या खुणांवर विसंबू नये, गादी पाहावी : काळे ठिपके, सांडलेली पिवळसर कात आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरट अंडी.

मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, ती सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि पूर्ण वाढीपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त मिळावे लागते. आपल्या हवामानात हे सारे पाच-सहा आठवड्यांत उरकते. आलेल्या पाहुण्यांत अंडी घालणारी मादी एकच असली, तरी तेवढी पुरते.

आता उन्हाविषयी. मराठवाड्यात प्रत्येक जण सांगतो की गादी चैत्र-वैशाखाच्या उन्हात टाका, ढेकूण मरतात. मलाही तसेच वाटे, म्हणून एका मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी गच्चीवर बाजेवर टाकलेल्या कापसाच्या गादीत तापमापक खुपसून पाहिला. वरच्या कापडावर ६१ अंश होते, गादीच्या पोटात ४१ आणि खालच्या सावलीच्या बाजूला ३९. ढेकूण आणि त्याची अंडी झटपट मरण्यासाठी सुमारे ५० अंश लागतात. ४५ अंशांना प्रौढ ढेकूण मरायलाही तासापेक्षा अधिक वेळ जातो. वरची बाजू तापू लागली की ढेकूण आपल्याआधी सावली शोधतो. आपण संध्याकाळी समाधानाने गादी आत आणतो, आणि तोही आपल्याबरोबर आत येतो.

ऊन वाया जात नाही, ते वापरायची रीत चुकते. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कपडे एका थराने पसरून, तोंड घट्ट बांधून, तापलेल्या फरशीवर ठेवले तेव्हा आत ५८ अंश भरले. पिशवी कोंबून भरली तेव्हा मधल्या साडीच्या घडीत ४२ च होते. तापमापक मेडिकलमधला ताप मोजायचा नसावा, तो ४२ च्या पुढे जात नाही.

लातूर, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी

आमच्या शिकवणीच्या परिसरात गादी कुणी नवीन घेत नाही. परीक्षा संपली की मागची तुकडी गाद्या, लाकडी टेबल आणि कूलर स्वस्तात पुढच्या तुकडीला विकून गावी जाते. माझी तीनशे रुपयांची गादी अशी किमान चौथ्या हातातून आली होती. पहिल्या आठवड्यातच झोप उडाली, पण खोलीतील दुसऱ्या दोघांनी मला दोष दिला तर काय, म्हणून महिनाभर मी गप्प होतो. पुढे कळले की तेही त्याच कारणाने गप्प होते. दिवाळीत आम्ही तिघेही आपापल्या गावी पिशव्या घेऊन गेलो, एवढेच लिहितो. माझ्या घरी निघाले, एकाच्या मामाकडे निघाले.

परिचारिका, बीड जिल्हा

माझे आई-वडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येई आणि त्यावर भांडी, कोयते, शेळी आणि गोधड्यांचे बोचके चढे. सहावीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जात असे. पाचटाच्या कोप्या एकमेकींना खेटून असत, रात्री फडातून आल्यावर माणसे जिथे जागा मिळेल तिथे आडवी होत, आणि एका कोपीत ढेकूण झाला की दहा कोप्यांत झाला असे समजायचे.

परत येताना मात्र आईचा एक नियम होता. पाडव्याच्या आसपास आम्ही गावी उतरलो की बोचके घरात जायचे नाही. ते बाभळीखाली राहायचे. आई अंगणात तीन दगडांची चूल मांडी, हंड्यात धुण्याचा सोडा टाकून पाणी खदखदवी आणि एकेक गोधडी काठीने दाबून उकळे. गोधडी वर येऊ लागली की पुन्हा दाबी. आम्हाला अंघोळ घालून, अंगावरचे कपडेही हंड्यात टाकून मगच उंबरा ओलांडू देई. आजी उपहासाने म्हणे, "लेकरं सोवळ्यात आली." आईला सोवळ्याचे काही नव्हते, घरी म्हाताऱ्या आजीची एकच खाट होती आणि तिच्यात ढेकूण गेला तर ती कुठे झोपणार, हा तिचा हिशेब होता. आज दवाखान्यात मी रुग्णांना साठ अंशांच्या पाण्यात कपडे धुवा असे सांगते, तेव्हा तो हंडाच माझ्या डोळ्यांसमोर असतो.

ढेकणामुळे एकाचा रोग दुसऱ्याला लागल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु लहान मुले नखांनी खाजवतात, जखमा चिघळतात, आणि रात्र-रात्र झोप न झालेला माणूस आजारीच असतो. खाजेवर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. अंगभर गांधी उठल्या किंवा जखमेत पू झाला तर डॉक्टरांना दाखवावे.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आठवा. तसल्या दिवसांत कपडे उकळायला पाणी कुठून आणणार? त्यामुळे परभणीच्या ताईंनी सांगितलेली काळ्या पिशवीची रीत मी उतरवून घेतली आहे.

लॉजचालक, तुळजापूर

आमची बाजूही मांडतो. नवरात्रात एक खोली दिवसात दोनदा भरते. गिऱ्हाईक येते ते रात्रीच्या बसने, आणि आल्या-आल्या बॅग पलंगावर ठेवते. तीच बॅग आधी कुठल्या मठाच्या सतरंजीवर किंवा गाडीच्या डिकीत होती, हे मी कसे सांगू? पूर्वी आम्ही एका खोलीत तक्रार आली की बाजारातला फवारा मारून मोकळे होत असू. आठ दिवसांनी शेजारच्या दोन खोल्यांत तक्रार येई, कारण फवाऱ्याच्या वासाने ढेकूण भिंतीच्या भेगेतून पलीकडे सरकत. आता एक खोली बंद केली तर डावी, उजवी, वरची आणि खालची अशा चारही खोल्या तपासतो, आणि दोन आठवड्यांनी, म्हणजे वाचलेली अंडी फुटल्यावर, औषध पुन्हा मारून घेतो. लाकडी पलंग काढून लोखंडी आणले, पण त्यांच्या पायांची पोकळ तोंडे बुचांनी बंद केल्यावरच फरक पडला.

खोलीत शिरल्यावर पाहण्याचे ठिकाण मी सांगतो, कारण मी स्वतः तेच पाहतो. बॅग न्हाणीघरातील फरशीवर ठेवावी, मोबाइलची बॅटरी लावावी, डोक्याकडच्या बाजूने चादर उचलून गादीचे दोन कोपरे आणि शिवण पाहावी, मग पलंगाची डोक्याकडची फळी आणि तिच्यामागची भिंत. दोन मिनिटे लागतात. काही दिसले तर आरडाओरडा न करता काउंटरवर सांगावे, आणि लगतची खोली घेऊ नये. न सांगता निघून जाणारा गिऱ्हाईक माझे जास्त नुकसान करतो.

नांदेडहून दर महिन्याला पुण्याला जाणारा

स्लीपर बसमध्ये मी स्वतःची पातळ चादर नेतो आणि उतरताच ती वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवतो. बॅग बर्थवर घेत नाही, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली ठेवतो. घरचे हसतात. माझ्याकडे सांगण्यासारखा अनुभव नाही, म्हणजे उपाय लागू पडत असावा.

कृषी सेवा केंद्र चालविणारा, जालना जिल्हा

एक कळकळीची विनंती. धान्याच्या कोठीत ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी मागायला लोक माझ्याकडे येतात. त्या गोळ्यांना हवेतील ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तो बंद खोलीतून दाराच्या फटीने शेजारच्या घरातही जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. अशा प्रकारे ढेकूण मारायला जाऊन झोपलेली माणसे, लेकरे दगावलेली आहेत. मी गोळ्या देत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले तरी चालेल. पलंगाच्या सांध्यात रॉकेल किंवा पेट्रोल ओतणारेही आहेत. ढेकूण राहतो आणि पलंग पेटतो. शेतावरचे कीटकनाशक गादीवर मारणे हाही त्यातलाच प्रकार.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. आमच्याकडे काय उपयोगी पडले ते लिहितो. पलंग भिंतीपासून वीतभर दूर घेतला, चादरीची टोके जमिनीला लागू दिली नाहीत, गादीच्या शिवणीवरून कडक तापलेली इस्त्री सावकाश फिरवली, सुटकेस अस्तर फाडून काढून उन्हात काळ्या पिशवीत ठेवली, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बोलावले. मधल्या काळात आम्ही दुसऱ्या खोलीत झोपायला गेलो, ही चूक झाली. ढेकूण आमच्यामागे त्या खोलीत आले. कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांनी घर सुगंधी झाले, बाकी काही नाही.

मावसभावाला फोन करायला मला चार दिवस लागले. लग्नात तुमच्याकडून आमच्या घरी ढेकूण आले, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मी नुसते म्हणालो, "दादा, आमच्याकडे निघालेत, तुम्हीही एकदा गाद्या बघून घ्या." थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस, पण आम्ही कालच दोन गाद्या टाकून दिल्या." त्या गाद्या कुठे टाकल्या, हे विचारल्यावर कळले की रात्रीच कुणीतरी त्या उचलून नेल्या होत्या.

निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

हे सर्व वाचून झाल्यावर मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. आषाढात पंढरपूरला नेलेली वळकटी तिथे तशीच बांधलेली होती. चामड्याच्या पट्ट्याखाली दोन पिवळ्या काती आणि एक जिवंत ढेकूण सापडला. वळकटी आता अंगणात आहे आणि हिला पाणी तापवायला सांगितले आहे.