पुंगळीच्या बुडातलं प्रायमर पॉकेट (बार पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, बसतो तो खळगा) सैल झालंय हे नक्की कसं ठरवायचं?

लांबपल्ला:
काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतोय. .३०८ विंचेस्टरच्या, लार्ज रायफल प्रायमरच्या पुंगळ्या आहेत, सगळ्या एकाच हेडस्टॅम्पच्या (बुडावरचा कंपनीचा शिक्का) आणि चारदा वापरलेल्या. हँड प्रायमरने (हाताने प्रायमर बसवायचं अवजार) भरताना काही प्रायमर फारच सहज आत जातात, बाकीच्यांना नेहमीसारखा जोर लागतो. सहज गेलेलेही बोटाने दाबून हलत नाहीत. अशा पुंगळ्या नुसत्या हाताच्या अंदाजावर बाद कराव्यात का? की बंदुकीची दारू कमी घालून अजून एकदा वापरता येतील?

मायक्रोमीटर:
हाताला सैल लागली ती पुंगळी बाजूला काढा, पण निर्णय गेजवर घ्या. पॉकेटचा मानक व्यास लार्जसाठी ०.२०८५ ते ०.२१०० इंच, स्मॉलसाठी ०.१७३० ते ०.१७४५ इंच असतो. प्रायमर त्याहून किंचित जाड असतो आणि फक्त त्या आवळपणावर टिकतो. इंचाच्या एक-दोन हजारांशाने पॉकेट फाकलं की पकड गेली.

पिन गेज (ठरावीक जाडीची मापाची कांडी) घ्या, लार्जला ०.२११ आणि स्मॉलला ०.१७५. जुना प्रायमर काढून पॉकेट आधी स्वच्छ करा, कारण काजळीचा थर राहिला तर सैल पॉकेटही घट्ट भासतं. पिन सरळ धरून अगदी हलक्या हाताने सोडा. रेटू नका; पिन पोलादाची आहे, तुम्हीच पॉकेट फाकवाल. तळापर्यंत गेली तर पुंगळी बाद. लष्करी पुंगळीची क्रिंप (प्रायमर पकडून ठेवणारी चेपलेली कड) काढताना पॉकेटची कड तिरकी कापली जाते, तिथे पिन जराशी शिरून अडते. ते चालतं.

व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी हे माप घेऊ नका. जबड्यांच्या कडा सपाट असतात, त्यामुळे इतक्या छोट्या भोकात माप कमी येतं आणि खराब पुंगळी पास होते.

कोरा_बोल्ट:
मोजण्याइतकंच कारण शोधणंही महत्त्वाचं आहे. आठ-दहा वापरांनंतर एखाददुसरी पुंगळी सैल झाली तर ती झीज. पण चार वापरांत एकाच लॉटमधल्या बऱ्याच गेल्या तर आधी बार उडताना काडतुसात तयार होणाऱ्या दाबावर संशय घ्या. दाब वाढला की पुंगळीचं बूड पसरतं, पितळ मूळ मापावर परत येत नाही आणि पॉकेट मोठं होतं. जोडीला बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा) उचलायला जड जातो का, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) चकचकीत ठसा उमटतो का, प्रायमरभोवती काळं कडं दिसतं का, ते पाहा. ते कडं म्हणजे तिथून वायू निसटला. तो बोल्टचा चेहरा खरवडतो, आणि ती खाच भरून येत नाही.

खात्रीसाठी त्याच लॉटची कोरी आणि वापरलेली पुंगळी घेऊन एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेच्या (पुंगळी ओढून काढणारा आकडा जिथे धरतो ती बुडाजवळची खाच) लगेच वरचा व्यास मायक्रोमीटरने ताडून पाहा. वापरलेलीचा ठळकपणे जास्त भरला तर दारू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर आणून तिथून पुन्हा वर चढा.

दाबाची चिन्हं नसतील तर आणखी दोन कारणं तपासा. क्रिंप काढणारं रीमर (कापायचं अवजार) कडेऐवजी पॉकेटच्या भिंतीच कापत असेल. किंवा ॲनीलिंगची (पितळ तापवून मऊ करणं) उष्णता बुडापर्यंत गेली असेल. ॲनीलिंग मान आणि खांद्यापुरतंच हवं. बूड मऊ पडलं असेल तर तो अख्खा लॉट टाकून द्या, त्यात निवड करत बसू नका.

लांबपल्ला:
कमी दारूचं काय? आणि ज्यांत प्रायमर बसवून झालेत त्या कशा तपासायच्या?

मायक्रोमीटर:
कमी दारूचा उपाय नको. बार उडताना प्रायमर आधी मागे सरकतो, मग पुंगळीचं बूड मागे येऊन त्याला पुन्हा बसवतं. दाब फार कमी असला तर बूड पुरेसं मागे येत नाही आणि प्रायमर बाहेर डोकावत राहतो. सैल पॉकेटमध्ये त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं, तो ॲक्शनमध्ये (रायफलच्या बोल्टभोवतालच्या यंत्रणेत) पडून ट्रिगरच्या यंत्रणेत अडकू शकतो. दुसऱ्या कंपनीचा जरा जाड प्रायमर वापरून भागवणं, पॉकेटची कड ठोकून आवळणं, गोंद लावणं, हेही नको.

प्रायमर बसवलेल्या पुंगळीत गेज घालता येत नाही. तिथे बसवतानाचा जोर हीच खूण, म्हणून संशय आलेल्या सगळ्या बाद धरा. दारू आणि गोळी भरलेली नसेल तर प्रायमर लावलेली रिकामी पुंगळी रायफलमध्ये घालून, नळी सुरक्षित दिशेला धरून उडवा. मग मेलेला प्रायमर काढून पिन लावा, म्हणजे तुमच्या हाताचा अंदाज किती बरोबर होता तेही कळेल. जिवंत प्रायमर प्रेसवर काढायचाच असेल तर डोळ्यांवर चष्मा, जवळपास दारू किंवा दुसरे प्रायमर नाहीत आणि एका वेळी एकच, दांडा सावकाश.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांड्याच्या एका ओढीत भरण्याचे सगळे टप्पे करणारं यंत्र) हा जोर हाताला कळत नाही. तिथे भरण्याआधीच सगळ्या पुंगळ्या गेजमधून काढा.

कोरा_बोल्ट:
एक राहिलं. बाद पुंगळीचं तोंड तिथल्या तिथे पकडीने चेपून टाका. नुसती वेगळ्या डब्यात ठेवली तर टंबलरमधून (पुंगळ्या साफ करणारं यंत्र) धुऊन निघाल्यावर ती चांगल्या पुंगळ्यांसारखीच दिसते.