'आरोपी', 'संशयित', 'ताब्यात घेतलं' : नेमका फरक काय?

परवा आमच्या पंचवटीतल्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, "गाडीचोर सापडला". सापडला म्हणजे काय, तर मागच्या गल्लीतल्या एका पोराला पोलिसांनी उचललं. त्याची आई आमच्याकडे आली आणि सारखं एकच म्हणत होती, "अटक नाही हो केली, नुसतं ताब्यात घेतलंय म्हणाले". त्या 'नुसतं'वर बाईनं अख्खी रात्र काढली. तेव्हापासून हे शब्द डोक्यातून जाईनात म्हणून इथं मांडतोय.

आधी 'आरोपी'. रोगी म्हणजे ज्याला रोग आहे तो, दोषी म्हणजे ज्याच्यात दोष आहे तो, त्याच चालीवर आरोपी ऐकलं की कानाला वाटतं ह्याच्या अंगातच काहीतरी आहे. पण 'आरोप' हा वृक्षारोपणातल्या 'आरोपण'चा सख्खा भाऊ, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नेऊन लावलेली गोष्ट! ती रुजते की नाही ते कोर्टात ठरायचं. घटनेच्या कलम 20 मध्ये ज्याच्यावर आरोप आहे अशा माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही असं आहे, त्याला गुन्हेगार म्हटलेलं नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या बातम्यांत 'संशयित आरोपी' असं जोडून छापतात ते मात्र पटत नाही, संशय आणि आरोप ह्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत ना? ('संशयी' वेगळा बरं का, तो संशय घेणारा.)

'ताब्यात घेणे' आणि 'अटक' ह्यात कायद्यानं खरंच फरक आहे का, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : दादा, मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते. माणसाला उठून घरी जायची मोकळीक नसेल तर तुम्ही त्याला ताब्यात म्हणा, चौकशीला बसवलंय म्हणा, माझ्या लेखी ती अटकच. कलम 22 प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. म्हणून त्या माउलीला सांगा, घड्याळ बघा, 'नुसतं' शब्दावर जाऊ नका. आणि 1996 च्या डी. के. बसू निकालापासून घरच्यांना कळवणं, अटकेचा पंचनामा करणं हे पण बंधनकारक आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे 'गुन्ह्याची कबुली दिली' ही हेडलाइन वाचून लगेच निकाल लावू नये.

मूळ लेखक : ताई, मनापासून आभार. पोराला दुसऱ्या दिवशी कोर्टात नेलं, आधी पीसीआर मिळाला, काल एमसीआर झाला. न्यायालयीन कोठडी हा शब्द ऐकून आई खचलीच, तिला वाटलं न्यायालयानं शिक्षा दिली.

प्रतिसाद : हा गैरसमज मी रोज बघते. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, तपासासाठी पोलिसांच्या हाती. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, पोलिसांकडून काढून जेलमध्ये, आणि साध्या केसमध्ये बहुतेक वेळा तिथूनच जामिनाचा रस्ता उघडतो. शिक्षा नाही हो ती. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं फुकट मिळतो, आईला उद्याच घेऊन या.

मूळ लेखक : येतो. अजून एक शब्द राहिला. नाशिकरोडच्या जेलच्या गेटवर त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं, "तुमचा कच्चा कैदी आहे". खटला चाललेला असतो त्याला कच्चा आणि शिक्षा झाली की पक्का म्हणतात हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना पोटात कालवलं. कच्चा म्हणजे आज ना उद्या पिकणारच असं त्यात बसलंय. ह्याला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात तोच बरा, जड असला तरी. ग्रुपवरच्या मेसेजखाली मी 'चोर नाही, संशयित' एवढं लिहून आलोय.