मदत हवी आहे: थायरॉइड काढल्यानंतर कॉर्टिसॉल कमी, नाशिकमध्ये एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट कुठे होते?

आई, वय ५८, सिडकोत राहते. दिवाळीनंतर पूर्ण थायरॉइड काढली, गाठ साधी निघाली. थायरॉक्सिन १०० पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. टीएसएच, कॅल्शियम दोन्ही व्यवस्थित.

तरी अंगात त्राण नाही. आडवी असताना बीपी ११८/७६, उभी राहिली की ९४/६०, ओट्याला धरून उभं राहावं लागतं. वरणभातावर वरून मीठ घेते, जे कधीच घेत नव्हती. सोडियम १३१, म्हणजे कमी. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) ६.२, म्हणजे धड कमीही नाही, पुरेसंही नाही. दम्यासाठी वर्षानुवर्षं अधूनमधून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालायचं, ते ऑपरेशनआधी बंद झालं. माझी शंका तिथेच आहे, की त्या स्टेरॉइडमुळे ॲड्रिनल मंदावल्या असतील. सर्जन म्हणतात अशक्तपणा आहे, भरून येईल. मला धीर धरवत नाही, कारण ॲड्रिनल कमी पडत असतील तर थायरॉक्सिनमुळे शरीरातलं कॉर्टिसॉल आणखी लवकर संपतं.

फॅमिली डॉक्टरांनी ॲड्रिनल पुरेसं कॉर्टिसॉल बनवतात का ते पाहणारी ही एसीटीएच टेस्ट लिहून दिलीय: इंजेक्शन, मग अर्ध्या आणि एका तासाने रक्त. जवळच्या दोन लॅबमध्ये होत नाही. बायोटिन (रिपोर्ट बिघडवू शकणारं व्हिटॅमिन) घेत नाही, शुगरही नाही. थायरॉक्सिन मनाने बंद करणार नाही. उलट्या, ताप किंवा भोवळ आली तर थेट इमर्जन्सीत नेऊ. ॲड्रिनलच्या पावडरी कृपया सुचवू नका. मुंबई-पुण्याचा प्रवास तिला आत्ता झेपणार नाही.

नाशिकमध्ये कुणी ही टेस्ट केलीय का, कुठे, आणि इंजेक्शन तिथेच मिळतं की आपण आणून द्यायचं?